मागच्या सीटला एसीची हवा पोचत नाही: इलेक्ट्रिक एसयूव्हीतला डक्ट तपासायचा कसा, बदलायचा कसा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पाच सीटची इलेक्ट्रिक एसयूव्ही, तीनेक वर्षं वापरलेली. पुढच्या व्हेंटमधून हवा जोरात येते, पण मागच्या व्हेंटसमोर हात धरला तर जेमतेम झुळूक लागते. फिल्टर बदलून झाला, फरक शून्य. आता सर्व्हिस सेंटर म्हणतंय की मागचा डक्ट बदलावा लागेल आणि त्यासाठी मधला कन्सोल उघडावा लागेल. हे खरं आहे का, आणि काम नेमकं काय असतं?

खरं असू शकतं. पण डक्ट म्हणजे प्लास्टिकची पोकळ नळी. तिच्यात हलणारं काही नाही, तापणारं काही नाही, त्यामुळे ती आपणहून क्वचितच बिघडते. बहुतेक वेळा निसटलेला असतो तो जोड, नाहीतर जोडावरचा फोम गेलेला असतो. म्हणून पार्ट मागवण्याआधी दोष कुठल्या तुकड्यात आहे हे त्यांच्याकडून वदवून घ्या. ‘डक्ट खराब आहे’ एवढ्यावर गाडी उघडायला देऊ नका.

या वर्गाच्या गाडीत मागे सहसा वेगळा पंखा नसतो, वेगळी कूलिंग कॉइलही नसते. फिल्टर, ब्लोअर, कॉइल, हीटर आणि झडपा हे सगळं डॅशबोर्डमागच्या एकाच एसी बॉक्समध्ये असतं. त्या बॉक्सच्या खालच्या बाजूने एक फाटा निघतो, दोन सीटच्या मधल्या कन्सोलच्या पोटातून मागे जातो आणि आर्मरेस्टच्या पाठीमागच्या व्हेंटला मिळतो. पायांकडे हवा देणारे डक्ट वेगळे. ते कार्पेटखालून जातात आणि पुढच्या सीटखाली उघडतात. कन्सोलचा डक्ट बहुधा तीन तुकड्यांत असतो: बॉक्सला चिकटणारा आखूड अडॅप्टर, मधली लांब नळी आणि व्हेंटमागचा शेवटचा तुकडा. म्हणजे जोड चार, आणि हवा गळायला जागाही चार.

छोटी फट किती नुकसान करते ते आकड्यात बघा. नळीचं तोंड ६० बाय ४० मिलिमीटर धरलं, तर क्षेत्रफळ २,४०० चौरस मिलिमीटर. तोंडाचा घेर २०० मिलिमीटर. जोडाभोवती सगळीकडून ३ मिलिमीटरची फट पडली की ६०० चौरस मिलिमीटर, म्हणजे तोंडाच्या पाव हिश्शाएवढं भोक झालं. शिवाय ते बॉक्सच्या जवळ, जिथे दाब जास्त. पुढे नळीचं वळण आणि व्हेंटची जाळी हवेला अडवतातच, त्यामुळे हवा फटीतून कन्सोलच्या पोटात निघून जाते. पुढच्या व्हेंटवर याचा परिणाम जाणवतही नाही. म्हणूनच तक्रार ‘फक्त मागे’ अशी येते.

आता तपासणी. सगळ्यात आधी हवा कमी येते की गार कमी येते ते वेगळं करा. इलेक्ट्रिक गाडीत हे जास्तच महत्त्वाचं, कारण लिक्विड-कूल्ड बॅटरी असेल तर तोच कॉम्प्रेसर बॅटरीही गार करतो. एक्सप्रेसवेवर फूड मॉलला थांबून भर दुपारी फास्ट चार्जिंग केलं, तर त्या वेळी आणि नंतर थोडा वेळ गारवा बॅटरीकडे वळतो. व्हेंटमधून हवा तेवढीच येते, पण कोमट. त्याचा डक्टशी काही संबंध नाही. पुष्कळ गाड्यांत इको मोडमध्ये ब्लोअर आणि कॉम्प्रेसर दोन्हीवर मर्यादा येते, आणि काही गाड्यांत ‘फक्त ड्रायव्हर’ असं बटण किंवा स्क्रीनवर मागचा व्हेंट बंद करायची सोय असते. व्हेंटखालचं चाक फिरवून बंद केलेलं असण्याचे प्रकारही कमी नाहीत. मागे मुलं बसत असतील तर आधी तेच बघा.

मग मोजणी. इको मोड बंद, तापमान सगळ्यात कमी, ब्लोअर पूर्ण, हवा चेहऱ्याकडे, रिसर्क्युलेशन चालू, सगळ्या काचा बंद. पंख्याचा छोटा अॅनिमोमीटर (हवेचा वेग मोजायचं यंत्र) असेल तर उत्तम. प्रत्येक व्हेंटच्या मधोमध, जाळीपासून सारख्याच अंतरावर धरून आकडे लिहून घ्या: पुढचे चार, मागचे दोन. या आकड्यांची तुलना कुठल्या पुस्तकातल्या मूल्याशी करायची नाही, पुढच्या-मागच्या गुणोत्तराशी करायची आहे. आता केबिन फिल्टर काढून तीच मोजणी पुन्हा करा. पुढे-मागे दोन्हीकडे सारख्या प्रमाणात वाढ झाली तर दोष फिल्टरचा. पुढे वाढली आणि मागे जैसे थे राहिली, तर मागच्या फाट्यात गळती किंवा अडथळा असण्याची शक्यता जास्त. मागच्या दोनपैकी एकाच बाजूला हवा कमी असेल तर दोष शेवटच्या तुकड्यात, जिथे नळीचे दोन फाटे होतात. त्यासाठी अख्खा कन्सोल उचलायची गरज नाही, हे मेकॅनिकला आधीच सांगा. आणि सेम मॉडेलची दुसरी गाडी मिळाली तर तिचंही गुणोत्तर घ्या, कारण मुळात मागे हवा कमीच द्यायची अशी कित्येक गाड्यांची रचना असते.

सुरुवातीला हवा चांगली आणि अर्ध्या-पाऊण तासाने सगळीकडेच मंदावते, एसी बंद करून नुसता ब्लोअर दहा-पंधरा मिनिटं चालवला की पुन्हा पूर्ववत होते, असं असेल तर कॉइलवर बर्फ धरतोय. तिथे कॉइलचा तापमान सेन्सर बघायचा. मोड बदलताना डॅशमागून टकटक ऐकू येते आणि चेहऱ्याकडची हवा पायांकडे जाते, तर दोष झडपेच्या मोटर-अॅक्चुएटरचा, म्हणजे झडप फिरवणाऱ्या मोटरचा. स्कॅनरवर (गाडीला जोडून दोषांचे कोड वाचायचं यंत्र) झडप एकेका स्थितीला नेऊन बघता येते. डक्टपेक्षा हे काम पुष्कळदा स्वस्त पडतं.

एवढं करून संशय डक्टवरच आला तर उघडण्याआधी आत बघा. फोनला जोडायचा साडेपाच मिलिमीटरचा कॅमेरा मागच्या व्हेंटच्या पट्ट्यांमधून सरकवला की नळीचा बराच भाग दिसतो. पेन, नाणी, चॉकलेटचे कागद, खडूचे तुकडे इथेच सापडतात. काळा चुरा दिसला, किंवा व्हेंटमधून काळे कण सीटवर पडत असतील, तर जोडावरचा फोम कुजून सुटलाय. कुरतडलेला फोम, कापूस, लेंड्या दिसल्या तर उंदीर. अशा वेळी ब्लोअर लगेच बंद करा, हातमोजे आणि मास्क घातल्याशिवाय पुढे काही हात लावू नका. उंदराच्या लघवीतून लेप्टो पसरतो, आणि पावसाळ्यात उभ्या राहिलेल्या गाडीत ही शक्यता खरीखुरी आहे.

गळतीची जागा हातानेही कळते. ब्लोअर पूर्ण ठेवून कन्सोल जिथे डॅशबोर्डला मिळतो त्या कडेने, दोन्ही बाजूंना तळहात फिरवा. जिथे थंड धार लागते तिथून वीतभर अंतरात जोड असतो. पेटती उदबत्ती धरली तर धूर फटीपासून दूर ढकलला जातो (राख कार्पेटवर पडू देऊ नका). शिट्टीसारखा आवाज म्हणजे अरुंद फट, खडखड म्हणजे तुटलेली क्लिप, फडफड म्हणजे आत अडकलेला कागद किंवा सुटलेली फोमची पट्टी.

पुढच्या प्रवाशाच्या पायाशी कार्पेट ओलं लागत असेल तर आधी गाडीखाली वाकून बघा. एसी चालू असताना खाली पाणी ठिबकत नसेल तर कॉइलचा ड्रेन तुंबलाय. काही गाड्यांत ते पाणी मागच्या फाट्यात उतरतं आणि वळणावर खळखळ ऐकू येते. ड्रेन ठीक आणि तरी कन्सोलच्या कडेला ओल, तर गळकी थंड हवा हे कारण असू शकतं. मुंबई-रत्नागिरीकडे पावसाळ्यात दवबिंदू २४-२५ अंशांच्या आसपास असतो आणि डक्टमधली हवा ८ ते १२ अंशांची. दार उघडलं, बाहेरची दमट हवा आत आली की गार पडलेल्या भागावर पाणी धरतं. ते खाली झिरपून कार्पेटखालच्या वायरिंगच्या कनेक्टरमध्ये गेलं, तर मग मागच्या सीटच्या गारव्याची तक्रार किरकोळ वाटेल असे दोष उभे राहतात.

पायाकडची हवा येत नसेल तर बहुतेक वेळा डक्टचा दोषच नसतो. ७डी मॅट (अख्खी फरशी झाकणारी जाड मॅट) बसवणारा सीटखालची तोंडं सरळ झाकून टाकतो. नाहीतर सीटखाली अॅम्प्लिफायर किंवा सबवूफर सरकवलेला असतो आणि त्याखाली नळी चेपलेली असते. मॅट कापून तोंड मोकळं करा, प्रश्न संपला.

आता उघडण्याबद्दल. या कामात डक्ट हा सगळ्यात निरुपद्रवी भाग आहे. धोका त्याच्या शेजाऱ्यांचा. एअरबॅगचं कंट्रोल युनिट बहुतेक गाड्यांत याच कन्सोलखाली फरशीला बोल्ट केलेलं असतं, एअरबॅगचे पिवळे कनेक्टर सीटखाली असतात, आणि फरशीच्या खाली बॅटरी पॅक. पीटीसी हीटर (विजेवर तापणारा हीटर) एसी बॉक्समध्ये हाय व्होल्टेजवर चालत असेल तर त्याची नारंगी केबल डॅशखाली दिसते. नारंगी केबलला, तिच्या कनेक्टरला हात लावायचं या कामात काहीच कारण नाही. डक्ट काढताना ती आड येत असेल तर काम थांबवा आणि हाय व्होल्टेजचं प्रशिक्षण घेतलेल्या माणसाकडे गाडी द्या. गाडी वॉरंटीत असेल तर कन्सोल स्वतः उघडूच नका.

एसीचा गॅस काढायची गरज या कामात नाही. कोणी गॅस काढून पुन्हा भरायचं बिल लावत असेल तर कारण विचारा. त्याहून मोठी भीती अशी की नेहमीच्या एसीवाल्याने गॅस भरताना कॉम्प्रेसरचं साधं पीएजी ऑइल घातलं, तर इलेक्ट्रिक कॉम्प्रेसरचं इन्सुलेशन खालावतं आणि गाडी हाय व्होल्टेज गळतीचा कोड देते. या कॉम्प्रेसरना बहुतेक वेळा पीओई नावाचं वेगळ्या प्रकारचं ऑइल लागतं. म्हणजे विनाकारण उघडलेलं एसीच्या गॅसचं सर्किट डक्टच्या कितीतरी पट महाग पडू शकतं.

पार्ट चेसिस नंबरवरून मागवा. उजव्या आणि डाव्या स्टिअरिंगच्या गाड्यांचे अडॅप्टर वेगळे असू शकतात, व्हेरिएंट बदलला की शेवटचा तुकडाही बदलतो. डक्टसोबत जोडांचे फोम गॅस्केट आणि कन्सोलच्या एकदाच वापरायच्या क्लिप, आठ-दहा तरी, मागवा. क्लिप न मागवता काम करणाऱ्याकडून गाडी परत आली की महिनाभरात कन्सोल कुरकुरायला लागतो.

क्रम असा ठेवा. गाडी सपाट जागी, चार्जर काढलेला, चाकांना ओंडके. वीज चालू असतानाच सीटचं काम उरकून घ्या, कारण इलेक्ट्रिक सीट नंतर हलणार नाहीत: दोन्ही सीट पूर्ण पुढे घेऊन कन्सोलचे मागचे बोल्ट ढिले करा, मग पूर्ण मागे घेऊन पुढचे. कार्पेटखालचा डक्ट काढायचा असेल तर सीटचे बोल्टही याच वेळी ढिले करा. खिडक्या थोड्या खाली, बॉनेट आणि एक दार उघडं. हा भाग विसरला जातो आणि १२ व्होल्ट काढल्यावर इलेक्ट्रिक लॅचची गाडी आपल्यालाच बाहेर ठेवते. मग गाडी बंद, चावी चांगली दूर, १२ व्होल्ट बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून कापडात गुंडाळून ठेवा. एअरबॅगच्या कपॅसिटरमध्ये साठलेली वीज उतरायला मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबा. तो सापडत नसेल तर दहा मिनिटं. आणि लक्षात ठेवा, निगेटिव्ह काढली म्हणजे मोठी बॅटरी निकामी झाली असं नाही. ती तशीच भरलेली असते, फक्त तिचे कॉन्टॅक्टर (तिची वीज गाडीला जोडणारे मोठे स्विच) उघडलेले असतात.

मागचा व्हेंट पॅनेल प्लास्टिकच्या पट्टीने खालच्या कडेकडून उचकटायचा. स्क्रूड्रायव्हर लावला की कडा पांढरी पडते आणि ती खूण कायमची. पॅनेल दोन बोटं बाहेर आला की थांबा, मागे यूएसबीचं कनेक्टर आहे. इथेच शेवटचा तुकडा दिसतो. दोष तिथेच असेल तर पुढचं काही उघडायचं नाही. नसेल तर आर्मरेस्टच्या खणातली मॅट, तिच्याखालचे स्क्रू, गिअर सिलेक्टरभोवतीची पट्टी, बाजूचे दोन पॅनेल या वाटेने जा. प्रत्येक कनेक्टर काढण्याआधी फोटो, आणि स्क्रू ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने मास्किंग टेपवर चिकटवून ठेवा. लांब स्क्रू चुकून आखूड जागी गेला तर वरच्या पॅनेलला टेंगूळ येतं. कन्सोल उचलायला दोघं लागतात: एक जण मागून वर धरतो, दुसरा पुढून कनेक्टर सोडवत जातो.

मधली नळी अडॅप्टरवर साधारण १५-२० मिलिमीटर चढवलेली असते. पुश-पिन काढून सरळ मागे ओढा. आडवी पिळली की अडॅप्टरचं तोंड फाटतं, आणि तो अडॅप्टर एसी बॉक्सचाच भाग असेल तर छोट्या कामाचं रूपांतर डॅश उतरवण्यात होतं. जोड निसटलाय का, फोम गेलाय का, तोंडाजवळ तडा आहे का, हे आता समोर दिसतं. नळी अखंड असेल तर नवीन बसवायची गरज नाही. नवा फोम लावा आणि तीच परत घाला. नवीन डक्ट आणलाय म्हणून तो घालायचाच, हा हट्ट नको.

तड्याची दुरुस्ती मात्र जपून. हे डक्ट बहुधा पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिइथिलीनचे असतात आणि फेविक्विक त्यांना धरत नाही. एम-सील काही दिवस टिकतं, पण ते कडक, नळी लवचिक. धक्क्यांनी सुटतं आणि सुटलेला तुकडा आत खडखडत राहतो. सरळ भागातला दोन-तीन सेंटिमीटरचा तडा प्लास्टिक वेल्डिंगने भरता येतो. जोडाच्या तोंडाशी तडा असेल किंवा उंदराने कुरतडलं असेल तर नवीनच घाला. ब्राऊन पॅकिंग टेप नको. विदर्भातल्या मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत तिचा डिंक वितळून वाहतो. अॅल्युमिनियम टेप उष्णतेला टिकतो, पण वीज वाहतो. इथे शेजारी उघडे कनेक्टर आहेत. वायरिंगवर वापरतात तो कापडी टेप बरा. सिलिकॉन सीलंट कधीच नको. वास बरेच दिवस जात नाही आणि पुढच्या वेळी जोड कापून काढावा लागतो.

कार्पेटखालचा डक्ट हे वेगळं आणि जास्त मेहनतीचं काम. सीट बाहेर काढावी लागते, ती जड असते, आणि तिच्या बाजूच्या एअरबॅगचं पिवळं कनेक्टर आधी सोडवावं लागतं. उंबऱ्याच्या पट्ट्या काढून कार्पेट उलटवा. घाईत ब्लेडने कापू नका. आणि नळी हलते म्हणून फरशीत सेल्फ-टॅपिंग स्क्रू मारायचा मोह होतो, तो कुठल्याही परिस्थितीत नको. पेट्रोल गाडीत फार तर भोक पडेल, इथे फरशीखाली बॅटरी पॅक आहे. क्लिप आणि फोमने जे बसतं तेवढंच.

बसवताना दोन्ही तोंडं कोरड्या कापडाने पुसा, जुन्या फोमचा चिकटा पूर्ण खरवडा. नवीन फोम बंद-पेशीचा (ज्यातून हवा आरपार जात नाही असा), ५ मिलिमीटर जाड, १० ते १५ मिलिमीटर रुंद. टोकं एकमेकांना नुसती टेकवू नका, तिरकी कापून एकावर एक बसवा. नळी शेवटपर्यंत सरकली का हे डोळ्यांनी दिसत नाही, म्हणून आधी अडॅप्टरवर मार्करने खूण करून ठेवा आणि नळीची कडा त्या खुणेपर्यंत आणा.

कन्सोल लावण्याआधी चाचणी घ्यायची, पण एअरबॅगचं एखादं कनेक्टर सुटलेलं असताना गाडी चालू करायची नाही, नाहीतर कोड बसतो आणि दिवा स्कॅनरशिवाय जात नाही. उपाय सोपा आहे. केस वाळवायचा ड्रायर थंड हवेवर ठेवून मागच्या तोंडातून फुंकवा आणि प्रत्येक जोडाजवळ उदबत्ती फिरवा. धूर हलला नाही तर जोड पक्का.

मग उलट्या क्रमाने जोडणी. प्लास्टिकमधले स्क्रू हाताने, नुसते घट्ट होईपर्यंत. कन्सोलचे एम-६ बोल्ट साधारण ८ ते १० न्यूटन-मीटर. सीटचे बोल्ट मात्र अंदाजाने कसायचे नाहीत, मॅन्युअलमधला आकडा आणि टॉर्क रेंच, दुसरा पर्याय नाही. सीटची पिवळी कनेक्टर खटकन बसल्याचा आवाज ऐकूनच पुढे जा. १२ व्होल्ट सगळ्यात शेवटी. गाडी चालू केल्यावर मिनिटभर एसीच्या बटणांना हात लावू नका, काही गाड्यांत झडपा त्या वेळात आपली मूळ जागा शोधतात. एअरबॅगचा दिवा नेहमीसारखा लागून विझला पाहिजे. काचांचं ऑटो-अप पुन्हा शिकवावं लागलं तर तो बिघाड नाही. शेवटी तीच मोजणी, तेच सहा आकडे, आणि आधीच्या कागदाशी ताडून बघा. मागचे दोन व्हेंट एकमेकांच्या जवळपास आले आणि पुढच्यांच्या तुलनेत मागचे आकडे स्पष्ट वाढले तर काम झालं. पुढचे आकडे किंचित बदलले तर घाबरू नका, जी हवा कन्सोलमध्ये गळत होती ती आता मागे जातेय आणि ब्लोअरवरचा भार बदललाय.

एक जोडप्रश्न हमखास येतो म्हणून सांगून ठेवतो. सुरुवातीच्या एमजी झेडएस ईव्हीला आणि पहिल्या एक्सयूव्ही-४००ला मागे व्हेंटच नव्हते. ते अनुक्रमे २०२२ आणि २०२४च्या आवृत्त्यांत आले. नव्या आवृत्तीचा मागचा पॅनेल आणि डक्ट विकत घेऊन जुन्या गाडीत बसवता येईल का? पॅनेल कदाचित बसेल. पण एसी बॉक्सला मागचा फाटाच नसेल तर त्या व्हेंटमधून काही येणार नाही, आणि बॉक्स बदलायचा तर गॅस, डॅश आणि पीटीसी हीटरची नारंगी केबल हे सगळंच सोडवावं लागेल. त्यापेक्षा पुढचे मधले दोन व्हेंट वर आणि मागच्या सीटकडे वळवा, ब्लोअर एक पायरी वाढवा.